दुधाचं तापमान मोजता, ड्रायव्हरचं कोण मोजणार?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळचे पावणेआठ वाजले होते, दवाखाना नुकताच उघडला होता. पहिले पेशंट पन्नाशीतले एक गृहस्थ. डोक्याला मफलर, अंगात दोन स्वेटर, वर जर्किन. खुर्चीत न बसताच म्हणाले, "डॉक्टर, ॲसिडिटीची एखादी स्ट्राँग गोळी द्या. गाडी बाहेर उभी आहे, दूध आहे गाडीत."

"आधी बसा तरी. जळजळ कधी होते?"

"शिडी चढताना. टँकरवर चढलं की इथं आवळल्यासारखं होतं." त्यांनी छातीच्या मधोमध अख्खा तळहात ठेवला. "खाली उतरून दोन मिनिटं उभं राहिलं की बरं वाटतं. उन्हाळ्यात असलं काही नव्हतं. थंडी पडल्यापासून सुरू झालंय."

ॲसिडिटीला शिडी कळत नाही. चढताना छाती आवळते आणि थांबलं की मोकळी होते, तेव्हा ते दुखणं पोटाचं नसून बहुतेक वेळा हृदयाचं असतं. मी रक्तदाब पाहिला, १९०/११०. ईसीजी काढला, त्यातही बदल होते.

"याआधी बीपी कधी तपासलं होतं?"

"लायसनच्या वेळेला. तीन-चार वर्षं झाली असतील."

मग मी सहज विचारलं, "आणि गाडीतल्या दुधाचं तापमान किती आहे?"

"चार पॉइंट दोन," त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं.

हे उत्तर माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. आजचा लेख त्याच्यासाठीच आहे. (पेशंटची ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.)

तुमच्या चहाआधीची रात्र

सकाळी सहाला दाराशी पिशवी येते, तिच्यामागे काय काय घडलेलं असतं ते आधी थोडक्यात पाहू. शेतकरी सकाळ-संध्याकाळ धारा काढून दूध गावातल्या संकलन केंद्रावर घालतो. मोठा गोठा असेल तर गोठ्यावरच बल्क कूलर बसवलेला असतो. दूध साधारण ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केलं जातं. मग टँकर येतो. ड्रायव्हर आणि त्याचा किन्नर गाडी लावतात, कूलरमधलं दूध ढवळून नमुना घेतात, तापमान बघतात, पाइप जोडतात, पंप सुरू करतात. शिडीने वर चढून टाकीचं झाकण बघतात. पाइप धुतात, हात धुतात आणि पुढच्या गावाला निघतात. असे पाच-सात थांबे झाले की गाडी डेअरीवर जाते. तिथे पुन्हा नमुना, पुन्हा तापमान, फॅट, एसएनएफ. गाडी रिकामी झाली की टाकी धुवायची आणि पुन्हा फेरी.

यातलं बरंचसं काम रात्री आणि पहाटे होतं. आपल्याकडे हिवाळा म्हणजे दुधाचा पुष्टकाळ. हिरवा चारा असतो, जनावरं दूध जास्त देतात. म्हणजे जेव्हा थंडी सर्वांत जास्त, तेव्हाच टँकरच्या फेऱ्याही जास्त. निफाड, सिन्नर, संगमनेर, जुन्नर या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली येणं नेहमीचंच. निफाडला तर तो पाचच्याही खाली गेलेला आपण पेपरात वाचतो. द्राक्षबागेत शेकोट्या पेटवल्याच्या बातम्या येतात. त्याच रात्री त्या बागेशेजारच्या रस्त्यावरून टँकर गेलेला असतो, पण त्याची बातमी होत नाही.

आता हिशेब मांडा. एका फेरीत दुधाची तपासणी किमान दोनदा होते. ड्रायव्हरची वैद्यकीय तपासणी लायसनच्या वेळी होते, आणि मालवाहू गाडीच्या लायसनचं नूतनीकरण २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांनी येतं. त्या पाच वर्षांत कितीतरी जणांना मधुमेह सुरू होतो, रक्तदाब वाढतो, चष्म्याचा नंबर बदलतो. कोणी विचारत नाही.

थंडी शरीराला नक्की काय करते?

शरीराचं आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास राखायचं, हे आपल्या मेंदूचं एक मोठं काम आहे. बाहेर गारठा पडला की तो पहिली आज्ञा सोडतो: कातडीकडची रक्ताची वाट अरुंद करा. हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आत वळतं. म्हणून बोटं गार आणि पांढुरकी पडतात. तेवढंच रक्त आता कमी जागेतून फिरवायचं असतं, त्यामुळे रक्तदाब वाढतो आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. रक्तही थोडं दाट होतं.

त्यात माणूस उबदार केबिनमधून झटकन गारठ्यात उतरतो, जड पाइप ओढतो, शिडी चढतो. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आधीच अडथळा आहे, त्याच्या हृदयाची मागणी एकदम वाढते आणि पुरवठा तेवढा वाढत नाही. छाती आवळते ती यामुळे. त्याच वेळी तोंडात विडी असेल तर तंबाखूही रक्तवाहिन्या आकसवते. म्हणजे एकाच नळीला दोन चिमटे. आणि हृदयविकाराचे झटके तसेही पहाटे ते दुपारच्या आत जास्त येतात. थंडी, श्रम, तंबाखू आणि पहाट यांची गाठ टँकरच्या शिडीवर पडते.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. थंडीत लघवी जास्त होते. रक्त आत वळल्यामुळे शरीराला वाटतं की पाणी जास्त झालं, आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकू लागतात. पुन्हा पुन्हा थांबायला नको म्हणून ड्रायव्हर पाणीच पीत नाहीत. मग मूतखडा, लघवीची जळजळ, डोकेदुखी. काही जण तर रक्तदाबाची 'पाण्याची गोळी' स्वतःच बंद करतात, कारण ती घेतली की दोन तासांत तीनदा गाडी थांबवावी लागते. गोळी बंद करण्याऐवजी डॉक्टरांना स्पष्ट सांगा की मी रात्री गाडी चालवतो. गोळीची वेळ बदलता येते, गोळीही बदलता येते. सांगायला लाजू नका, आम्हाला ते विचारायचं सुचलेलं नसतं.

"एवढी कुठे थंडी आहे?"

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. थंडी म्हणजे बर्फ, अशी आपली समजूत. बर्फाच्या देशातली थंडी वेगळी आहे, हे खरंच. अमेरिकेत विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा ही मोठी दूध-राज्यं आहेत. जानेवारी २०१९ च्या अखेरीस मिनियापोलिस शहरात पारा उणे ३० च्याही खाली गेला होता. अशा हवेत डिझेल घट्ट होऊन फिल्टर तुंबतात, पाइपमध्ये राहिलेलं पाणी गोठतं, ओला हात उघड्या लोखंडाला चिकटतो, आणि वारा सुटला असेल तर उघड्या कातडीला अर्ध्या तासाच्या आत हिमदंश होऊ शकतो. गाई मात्र तिथेही दूध देतच असतात, त्यामुळे टँकर गोठ्यापर्यंत जातोच. फरक एवढाच की तिथली थंडी दारातच दम देते. त्यामुळे हातमोजे, थरांचे कपडे, गाडीत जादा ब्लँकेट ही तिथे रोजची तयारी असते.

आपली थंडी दम देत नाही. ती हळूच अंगात शिरते. दुपारी ऊन असतं, म्हणून माणूस एका पातळ स्वेटरवर निघतो. पहाटे चारला पारा आठवर येतो. काचेवर आतून वाफ धरते म्हणून बाजूची काच थोडी उघडी ठेवावी लागते. हवा ८ अंशांची असेल आणि वारा ताशी ६० किलोमीटरचा, तर उघड्या कातडीला तो जवळजवळ २ अंशांसारखा झोंबतो. त्यात पाइप धुताना बाह्या आणि चपला भिजलेल्या. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं. म्हणून ८ अंशांतला भिजलेला माणूस शून्य अंशांतल्या कोरड्या, नीट कपडे घातलेल्या माणसापेक्षा जास्त धोक्यात असू शकतो.

हे नुसतं माझं मत नाही. २०१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १३ देशांतल्या सुमारे ७.४ कोटी मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उष्णतेपेक्षा थंडीशी जोडलेले मृत्यू कितीतरी जास्त होते, आणि त्यातले बहुतेक कडाक्याच्या थंडीतले नव्हते, तर मध्यम थंडीच्या दिवसांतले होते. कडाक्याचे दिवस थोडे असतात आणि तेव्हा माणूस जपतो. साध्या थंडीचे दिवस पुष्कळ असतात आणि तेव्हा कोणी जपत नाही.

हात बधिर झाले तर

बोटं गार पडली की सुरुवातीला फक्त त्रास होतो. नंतर ती नीट वळेनाशी होतात. व्हॉल्व्ह फिरवताना सुटतो, सील लावता येत नाही, ब्रेकवरचा पाय आणि स्टिअरिंगवरचा हात दोन्ही सावकाश होतात. याच्या पुढची पायरी म्हणजे शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली जाणं. तेव्हा माणूस जोरात कुडकुडतो, बोलताना अडखळतो, चालताना तोल जातो, उगाच चिडतो किंवा अगदी गप्प होतो. लोक म्हणतात, 'घेतलेली दिसते.' तसं समजून सोडून देऊ नका. आणि कुडकुडणं थांबलं पण माणूस सुस्तावत चालला आहे, तर तो बरा होत नसून बिघडतो आहे.

अशा माणसाला आडोशाला न्या. ओले कपडे काढा. कोरड्या घोंगडीत किंवा ब्लँकेटमध्ये डोक्यासकट गुंडाळा, आधी छाती-पोट गरम होऊ द्या. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गरम गोड चहा किंवा दूध द्या. हातपाय चोळू नका, दारू पाजू नका. बोलणं असंबद्ध असेल तर १०८ ला फोन करा.

बधिर बोटं शेकोटीवर धरू नका, हे मी विशेषतः मधुमेह असलेल्यांना सांगतो. तुमच्या बोटांना आणि पायांना आधीच जाणीव कमी असते. चटका बसलेला कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी फोड घेऊन तुम्ही माझ्याकडे येता. हात कोमट पाण्यात बुडवा, किंवा सरळ काखेत धरा. काख ही निसर्गाने दिलेली सर्वांत स्वस्त शेगडी आहे.

केबिनमधली शेगडी जीव घेते

खऱ्या शेगडीबद्दल मात्र हात जोडून सांगायचं आहे. घमेल्यात निखारे घेऊन ते केबिनमध्ये ठेवायचे, काचा लावून तासभर झोपायचं, हा प्रकार मी ऐकला आहे, आणि त्याचा शेवट काय होतो तेही माहीत आहे. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे झोंबत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते. झोपायलाच तर आलो होतो, असं वाटून माणूस झोपतो आणि उठत नाही. धूर दिसत नाही म्हणून वायू नाही, असं समजू नका. इंजिन चालू ठेवून बंद केबिनमध्ये झोपणंही तितकंच धोक्याचं, विशेषतः गाडी जुनी असेल आणि सायलेन्सर गळका असेल तर.

एकाच केबिनमध्ये दोघांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं, तर तो थंडीचा परिणाम समजू नका. दार उघडा, बाहेर पडा, आणि दवाखान्यात जा.

झोप ही दारूसारखीच चढते

पहाटे दोन ते पाच या वेळेत शरीराचं घड्याळ झोपेकडे ओढतं. याच वेळेत शरीराचं तापमानही थोडं उतरतं, त्यामुळे गारठा अधिक लागतो. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची सावधता ही १०० मिलिलिटर रक्तात सुमारे ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतकी मंदावते, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. आपल्या कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे थेंबभर न पिता ड्रायव्हर कायद्याच्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो, फक्त कोणत्याही यंत्रात फुंकर मारून ते कळत नाही.

ताशी ६० च्या वेगात तीन सेकंद डोळा लागला तर गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते. टँकरचं आणखी एक वेगळेपण आहे. संकलनाच्या फेरीत टाकी बराच वेळ अर्धवट भरलेली असते. आतून धुवायला सोपी राहावी म्हणून अनेकदा तिच्यात हेलकावे मोडणारे पडदे नसतात. ब्रेक लावला की आतलं दूध पुढे येतं आणि गाडीला ढकलतं. वळणावर ते बाजूला झेपावतं. धुकं, ओला घाट, बधिर हात आणि जड डोळे. अशा वेळी उशिरा लावलेला ब्रेक सावरायला जागाच उरत नाही.

हिवाळ्यात यात भर घालतात त्या सर्दीच्या गोळ्या. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या अनेक सर्दीच्या गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं, आणि ते झोप आणतं. सेटिरिझिननेही अनेकांना गुंगी येते. नाक गळत असेल तरी, रात्री गाडी चालवायची आहे हे सांगितल्याशिवाय गोळी घेऊ नका.

आणि थंडी घालवायला एक पेग? दारूने कातडीच्या रक्तवाहिन्या उघडतात, म्हणून अंग गरम वाटतं. खरं तर आतली ऊब त्याच वाटेने बाहेर निघून जाते. गोधडी फेकून दिल्यावर 'किती मोकळं वाटतंय' म्हणावं, तसं हे आहे.

इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. रात्री जेवण चुकलं आणि साखर उतरली तरी हातपाय थरथरतात, गोंधळायला होतं. थंडीने थरथर होते आहे असं समजून गाडी चालवत राहू नका. गाडी बाजूला घ्या, साखर किंवा ग्लुकोज तोंडात टाका, जमल्यास ग्लुकोमीटरवर बघा, आणि पूर्ण बरं वाटेपर्यंत निघू नका.

"दूध थांबत नाही हो डॉक्टर"

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. हे सगळं सांगितलं की डेअरीवाले, टँकरमालक आणि स्वतः ड्रायव्हरही एकच उत्तर देतात: दूध नाशवंत आहे, ते थांबत नाही. हा युक्तिवाद फक्त आपल्याकडचा नाही. युरोपीय संघात मालवाहू गाडीच्या ड्रायव्हरने साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं विश्रांती घ्यायची आणि दिवसाला साधारण ९ तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही, असा कडक नियम आहे. पण त्याच नियमात, शेतांवरून दूध गोळा करणाऱ्या गाड्यांना सूट द्यायची मुभा सदस्य देशांना ठेवली आहे. दुधाची घाई जगभर माणसाच्या पुढे उभी असते.

आपल्याकडे १९६१ सालच्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातच दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास, आणि पाच तासांहून अधिक सलग काम होण्याआधी किमान अर्धा तास विश्रांती, असं लिहिलं गेलं. पण तो कायदा पाच किंवा अधिक वाहतूक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता. दुधाचे कितीतरी टँकर एक-दोन गाड्यांच्या मालकांचे, डेअरीला ठेक्याने लावलेले असतात. ड्रायव्हर नेमका कोणाचा, याचं उत्तर देताना प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

म्हणून मी कायद्याचा मुद्दा बाजूला ठेवून दुधाचाच मुद्दा घेतो. दूध नासतं ते उष्णतेने. जिवाणू ऊबेत वाढतात. एकदा ४ अंशांपर्यंत थंड करून इन्सुलेटेड टाकीत भरलेलं दूध तासाभराने नासत नाही. मे महिन्यातल्या दुपारी बाहेर ४२ अंश असताना घाई करण्याला अर्थ आहे. जानेवारीच्या पहाटे बाहेर ८ अंश असताना टाकीच्या आतल्या आणि बाहेरच्या हवेत फरकच किती? ज्या रात्री दूध वर्षभरात सर्वांत सुरक्षित असतं, नेमक्या त्याच रात्री ड्रायव्हर सर्वांत असुरक्षित असतो. तरी वेळापत्रक दोन्ही ऋतूंत एकच.

माझं मत स्पष्ट आहे. हिवाळ्यातला तासाभराचा विसावा दुधाला परवडतो. तो आपण देत नाही, कारण तो मागणारं कोणी नाही. ड्रायव्हर मागत नाही, कारण उशिराचे पैसे कापले जातील अशी त्याला भीती असते. दुसरं म्हणजे 'आपल्याला सवय आहे' असं म्हणण्यात त्याला अभिमानही असतो. सवयीने गारठ्याचा त्रास कमी जाणवतो, हे खरं. पण पन्नाशीतल्या, रक्तदाब असलेल्या माणसाच्या रक्तवाहिन्यांना सवयीचं कौतुक नसतं.

कोणी काय करायचं?

डेअरी आणि टँकरमालकांसाठी:

- डिसेंबर ते फेब्रुवारी फेरीच्या वेळापत्रकात एका तासाची विश्रांती धरा. धुक्यामुळे झालेल्या उशिराचे पैसे कापू नका.
- गाडी रिकामी होईपर्यंत ड्रायव्हर कुठे थांबतो ते जाऊन बघा. वाऱ्यापासून आडोसा असलेली खोली, गरम पाणी, स्वच्छ संडास आणि चहा एवढं पुरेसं आहे.
- जलरोधक हातमोजे आणि गमबूट दोन-दोन जोड द्या. एक जोड भिजला की दुसरा लागतो.
- दुधाच्या प्रयोगशाळेतच एक रक्तदाबाचं यंत्र ठेवा. महिन्यातून एकदा दाब आणि साखर बघा. मात्र आकडा जास्त आला म्हणून माणसाला कामावरून काढायचं नाही, त्याला दवाखान्यात पाठवायचं. नाहीतर पुढच्या महिन्यात कोणी हात पुढे करणार नाही.
- २०२५ पासून तयार होणाऱ्या नव्या मध्यम आणि जड मालवाहू गाड्यांच्या केबिनला एसी बंधनकारक केला आहे. चांगलं झालं. पण रस्त्यावर पुढची अनेक वर्षं जुन्या गाड्याच धावणार आहेत. त्यांच्या काचांच्या रबरी पट्ट्या बदला, सायलेन्सर तपासा.

ड्रायव्हर मित्रांसाठी:

- एक जाड जर्किन घालण्यापेक्षा तीन पातळ थर घाला. कान आणि डोकं झाका. कोरडे मोजे आणि एक शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत गाडीत ठेवा.
- केबिनमधून उतरल्याबरोबर शिडी चढू नका. दोन मिनिटं खाली चाला, हात हलवा, मग चढा.
- थर्मासमध्ये कोमट पाणी ठेवा आणि थोडं थोडं प्या. नुसत्या चहावर रात्र काढू नका.
- डोळे जड झाले तर काच उघडणं, मोठ्याने गाणी लावणं, तोंडावर पाणी मारणं यांचा परिणाम काही मिनिटंच टिकतो. गाडी सुरक्षित जागी लावून १५-२० मिनिटांची डुलकी हाच खरा उपाय.
- घोरणं मोठं असेल, झोपेत श्वास अडकतो असं बायको सांगत असेल आणि दिवसा झापड येत असेल, तर तपासून घ्या. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.
- छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, गार घाम, धाप. यातलं काहीही झालं तर गाडी बाजूला घ्या आणि १०८ लावा. 'डेअरीपर्यंत जाऊ, मग बघू' असं म्हणू नका.

शेतकरी आणि संकलन केंद्रांसाठी: पहाटे टँकर येतो तेव्हा अंगणातला दिवा लावा, चिखलात चार फरशा टाका, हात धुवायला बादलीभर गरम पाणी ठेवा. जनावरांसाठी पाणी तापतंच, त्यात एक तांब्या वाढवा.

आणि आपण, दूध पिणारे? सोसायटीच्या ग्रुपवर 'आजही दूध पंधरा मिनिटं लेट' असं लिहिण्याआधी खिडकीतून बाहेर धुकं किती आहे ते बघू या. आणि घरात कोणी रात्री गाडी चालवणारं असेल, तर या आठवड्यात त्यांचं बीपी तपासून घ्या. एवढंच.

त्या सकाळचं पुढे काय झालं?

ते गृहस्थ उठायला तयार नव्हते. ईसीजी दाखवला, समजावलं, तरी एकच प्रश्न: "पण दूध?" शेवटी मीच त्यांच्या मालकाला फोन केला. मालक भला माणूस निघाला. त्याने दुसरा ड्रायव्हर पाठवला. आमच्या पेशंटला आम्ही रुग्णवाहिकेतून मोठ्या रुग्णालयात हलवलं. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी झाली, एक रक्तवाहिनी जवळजवळ पूर्ण बंद होती. स्टेंट बसला. आता ते बरे आहेत, विडी सोडली आहे, आणि दिवसपाळीची छोटी गाडी चालवतात.

टँकर त्या दिवशी तीन तास उशिरा डेअरीवर पोचला. पुढच्या वेळी तपासणीला आले तेव्हा मी त्यांना विचारलं, दुधाचं काय झालं?

"घेतलं की डेअरीने," ते म्हणाले. "चार पॉइंट सहा होतं."